ओठांवरचं पाणी

शुभदानं पिशवीतून लुगडं काढून हिरामावशीच्या मांडीवर ठेवलं, तशी अंगावर पाल पडावी तशी मावशी मागं सरकली.

लुगडं चांगलं होतं. फिकट निळं, काठाला जांभळी वेल. मावशीला कोणी लुगडं दिल्याला किती वर्षं झाली होती देव जाणे. पण तिचा हात काही त्याच्यावरून फिरेना.

"ह्ये कशापायी गं बाई?"

"धर्ममातेचा मान," शुभदा म्हणाली. "माझ्या आजीच्या गावी लेकराच्या बाप्तिस्म्याला धर्ममातेला लुगडं नेसवायचे. आपलं सगळंच राहून गेलं, मावशी. म्हटलं, आता तरी."

बाहेर प्रदीप, शुभदाचा नवरा, मोटरसायकलला टेकून ताक पीत होता. ताक नंदाबाईनं दिलेलं. नंदाबाई म्हणजे मावशीची धाकटी जाऊ. लोहगड चढायला येणाऱ्या पोरांना पिठलं-भाकरी आणि लिंबू सरबत विकायचं हे तिचं काम. जिभेला धार, पण हात सढळ. चैत्र सरत आला होता, पत्रे तापले होते, आणि गडाच्या पायथ्याची करवंदं अजून हिरवीच होती.

"येत्या रविवारी या," शुभदा म्हणाली. "फादर आपल्या मार्थाचं, माझ्या गेलेल्या लेकीचं नाव बाप्तिस्म्याच्या वहीत लिहिणार आहेत. त्या दिवशी घाईत फक्त दफनाची नोंद झाली. बाप्तिस्म्याची राहिली. ज्यानं पाणी घातलं त्यानं समोर येऊन सांगावं लागतं. पाणी कसं घातलं, कोणते शब्द म्हटले. मग खाली तुमचा अंगठा."

"सही येती मला," मावशी म्हणाली. म्हणायचं होतं भलतंच. तोंडातून निघालं हे.

शुभदा हसली. अडीच महिन्यांत मावशीनं तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. हसली की तिच्या उजव्या गालाला खळी पडत होती, हेही मावशीला आजच कळलं.

"मग सही करा. मोठ्या अक्षरात करा. एकदा वहीत नाव लागलं ना मावशी, की ते शंभर वर्षं तिथं राहतं. मी गेले, प्रदीप गेला, तरी कोणीतरी वही उघडेल आणि वाचेल, मार्था म्हणून एक मुलगी होती. देवानं तिला नावानं हाक मारली होती."

मोटरसायकल खाली भाजे गावाकडं उतरून दिसेनाशी झाली, तरी मावशी लुगडं मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली.

"लुगडं मिळालं आन् त्वांड का सुतकी?" नंदाबाई भांडी आपटत म्हणाली. "मला तर चाळीस वर्सांत तुज्या दिरानं रुमालबी दिला न्हाई."

जे पाणी घातल्याबद्दल हे लुगडं आलं होतं, ते पाणी मावशीनं घातलंच नव्हतं.

*

झालं होतं ते असं.

सव्वीस जानेवारीला जोडून शनिवार-रविवार आले होते. असा जोडून सुटीचा दिवस आला की लोणावळ्याचं जे होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबई घाट चढून येते, पुणं मागून लोटतं, आणि मधल्या मध्ये गाव कोंडून जातं. हिरामावशी बाजारातल्या एका लहानशा दवाखान्यात कामाला होती. जन्मभर तिनं वाडीवस्त्यांवर सुईणपण केलेलं. मग पोरीबाळी दवाखान्यात जायला लागल्या, तशी मावशीही त्यांच्या मागोमाग दवाखान्यात आली. डॉक्टर सारिका म्हणायच्या, "माझ्या मशीनला कळायच्या आधी मावशींच्या हाताला कळतं."

त्या रविवारी सकाळी शुभदाला आणलं ते रक्तात भिजवूनच. राहायला ती वराळ्याला, नवऱ्याच्या कारखान्याजवळ. सुटीची म्हणून माहेरी आली होती. माहेर म्हणजे रेल्वेच्या चाळीतली एक खोली आणि पायानं अधू झालेले वडील. आई कधीच गेलेली. सातवा महिना. बाळाची वार आतल्या आत सुटली होती. डॉक्टरीणबाईंनी तळेगावला फोन करून अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीची काचेच्या पेटीची गाडी मागवली. गाडी निघाली आणि कार्ल्याच्या अलीकडं गर्दीत अडकली. शुभदानं चर्चच्या फादरना बोलवा म्हणून धोशा लावला. फादर सकाळीच कामशेतला एका आजाऱ्याकडं गेले होते. तेही त्याच गर्दीत अडकले. प्रदीप मोटरसायकल घेऊन गाडीला वाट काढून द्यायला धावला.

राहिल्या या दोघी. शुभदाला आत न्यायची तयारी चालली होती, आणि तिनं मावशीचं मनगट धरलं.

"मावशी, तुमचं नाव काय?"

"हिरा."

"मला आई नाही, हिरामावशी. म्हणून तुम्हाला सांगते. बाळाचं काही बरं-वाईट होतंय असं वाटलं तर तिला पाणी घाला. डोक्यावर. बाप्तिस्मा द्या."

"अगं, मी तुमच्यातली न्हाई."

"चालतं. मरणाच्या दारात कोणीही देऊ शकतं. फक्त मनापासून द्यायचं, आमच्या चर्चमध्ये जे देतात तेच मी देतेय असं मनात धरून. म्हणा माझ्यामागं. मार्था..."

"आदीच नाव? अन् मुलगाच झाला तर?"

"मुलगीच आहे. मला माहीत आहे. माझ्या सासूबाईंचं नाव आहे. म्हणा. मार्था, पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते."

मावशीनं म्हटलं. तीनदा म्हणून घेतलं शुभदानं, शाळेतल्या बाईंसारखं. तिसऱ्यांदा एक शब्द चुकला तर परत म्हणून घेतलं. मग तिच्या तोंडावर भुलीचा मास्क बसला आणि मनगटावरची बोटं एकेक करून सुटली.

मुलगीच झाली. तळहातावर मावेल एवढी. डॉक्टरीणबाई आणि नर्स आईचं रक्त थांबवायच्या खटपटीत, आणि बाळ मावशीच्या ओंजळीत. कोपऱ्यात दिव्याखाली, कापसात गुंडाळलेलं. थोडा वेळ ते जीव एकवटून श्वास घेत होतं. मग दोन श्वासांमधलं अंतर वाढायला लागलं. मावशीनं फार पाहिलं होतं असलं अंतर. तिला कळलं.

तिनं वाटीत पाणी घेतलं. माघाची थंडी, नळाचं पाणी, बोट घातलं तर हाडापर्यंत झिणझिणी जावी असं. वाटी तिनं बाळाच्या डोक्यापर्यंत नेली. आणि टाळू दिसली. मऊ, कोवळी, आत जीव धडधडतोय असं वरून दिसणारी.

आता मावशीच्या हाताला काय म्हणावं? त्या हातानं आख्खा मावळ ओंजळीत झेलला होता. त्या हाताला एकच ठाऊक होतं: कमी दिवसांच्या लेकराचं डोकं ओलं करायचं नाही. तेल लाव, टोपडं घाल, कापूस बांध, स्वतःच्या छातीशी धर. पण पाणी नाही. हात वाटीसकट तिथंच थबकला. तिनं मनातून त्याला ढकललं. ढकलेना.

आणि मग तो हात आपल्या वाटेनं गेला. त्यानं कापसाची वात केली, पाण्यात बुडवली आणि बाळाच्या ओठांना लावली. असंच त्यानं सासूला लावलं होतं, नवऱ्याला लावलं होतं. जाणाऱ्याला जे देतात ते. मावशीच्या माणसांत याच्याहून मोठं कोणी कोणाला काही देत नाही. पोटची पोरं दूरदेशी असली तर म्हातारी माणसं यासाठी जीव अडवून धरतात.

एकच पाणी बाई, किती त्याच्या रीतीभाती
उगवत्याला घंगाळ, मावळत्याला वाटी

ओठांना पाणी लावता लावता मावशीनं शब्द सगळे म्हटले. एकही चुकला नाही. मार्था, पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने.

डोकं मात्र कोरडंच राहिलं.

बाळ गेल्यावर थोड्या वेळानं प्रदीप आला, धापा टाकत. मोटरसायकल कुठंतरी टाकून पळत आला होता; एका पायात चप्पल नव्हती. त्यानं कापसाकडं पाहिलं, मावशीच्या तोंडाकडं पाहिलं आणि भिंतीला धरून खाली बसला. मग म्हणाला, "मावशी, पाणी? डोक्यावर घातलंत ना?"

मावशीनं होकाराची मान हलवली. मान हलवायला लागतो तरी कितीसा वेळ? पाणी ते पाणी, असं तिला वाटलं. कपाळ काय आणि ओठ काय. त्या अनवाणी पायाला आता आणखी कशाला टोचायचं.

टाके काढायच्या दिवशी शुभदानं तिला खाटेजवळ बसवून घेतलं. "मावशी, सगळे सांगतात, होईल दुसरं. मला ते नको. मला एकच गोष्ट झोपू देते. पाणी तिच्या डोक्यावरून वाहिलं. त्या पाण्यानं ती देवाची लेक झाली. माझ्याकडं नाही राहिली, पण ती कोणाचीच नाही असं झालं नाही." आणि बोलता बोलता तिचा डोळा लागला, मावशीचा हात हातात धरून.

तेव्हा मावशीला कळलं की आपण काय केलं. आणि त्यानंतर खरं सांगायला तोंडच उघडेना.

*

"मंग सांग की, घातलं म्हनून," नंदाबाई म्हणाली. मावशीनं अखेर तिला सगळं सांगितलं होतं, तांदूळ निवडता निवडता. "कुनी बगितलंय? तू, ती आन् द्येव. ती गेली. द्येव काय वहीत ल्ह्यायला येनार हाय?"

"खोटं बोलू त्येंच्या देवळात?"

"मग खरं बोलून काय मोठं होनार हाय गं? ती पोरगी आत्ता कुटं हसाया लागली. तू जाऊन तिच्या हसन्यावर धोंडा घालनार. तुला हलकं वाटंल, तिला जड व्हईल. ह्येला खरं बोलनं म्हनत्यात व्हय? ह्ये तर आपली पाटी दुसऱ्याच्या डोक्यावर देनं झालं."

जाऊ धारेची होती, पण मूर्ख नव्हती. चार दिवस मावशीनं तिचंच खरं मानलं. ठरवलं, रविवारी जायचं, आपलं 'घातलं' म्हणायचं, सही करायची, मोठ्या अक्षरात करायची. पाप लागलं तर लागलं. एवढ्या बायकांची सुटका केली, त्यात कुठंतरी खपून जाईल.

रविवारी ती निघाली. लुगडं नेसली नाही; घडी तशीच पत्र्याच्या पेटीत ठेवली. जीपनं मळवलीला उतरली, तिथून लोकलनं एक स्टेशन, लोणावळा. रेल्वे लायनीपलीकडचं जुनं दगडी चर्च तिनं बाहेरून कित्येकदा पाहिलं होतं. आत पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. शुभदानं तिला पुढच्या बाकावर आपल्याशेजारी बसवलं. प्रदीप पलीकडं. तो लवून म्हणाला, "नमस्कार, मावशी," आणि मावशीला वाटलं, उठून पळावं.

त्या दिवशी एका बाळाचा बाप्तिस्मा होता, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

जाडजूड मुलगा होता, पाच-सहा महिन्यांचा. आईच्या कडेवरून फादरांचा चष्मा ओढायला बघत होता. फादर म्हातारे, पांढऱ्या झग्यात, आवाज आजोबासारखा. त्यांनी त्याच्या आईबापांना विचारलं, "लेकराचं नाव काय ठेवलंत? देवाच्या मंडळीकडं काय मागता त्याच्यासाठी?" आईबाप म्हणाले, "बाप्तिस्मा." मग दगडी कुंडावर त्याला आडवं धरलं.

फादरांनी शिंपल्यानं पाणी घेतलं आणि त्याच्या डोक्यावर ओतलं. पित्याच्या. पोरानं डोळे विस्फारले. पुन्हा ओतलं. पुत्राच्या. पोरानं असा टाहो फोडला की मागच्या बाकावरची कोणीतरी म्हातारी हसली. तिसऱ्यांदा. पवित्र आत्म्याच्या. पाणी त्याच्या कपाळावरून, कानांवरून, मानेवरून ओघळत कुंडात परत गेलं, टपटप आवाज करत.

"पानी गार न्हाई ना?" मावशीच्या तोंडून निघून गेलं.

"नाही हो," शुभदा तिच्या कानाशी लागली. "थंडीच्या दिवसांत तर कोमट करूनच घेतात."

कोमट करूनच घेतात.

दवाखान्यात शेगडी होती. किटली होती. बाळंतिणीसाठी पाणी तर तिनंच तापत ठेवलं होतं. एवढं साधं. एवढं हाताशी.

फादर बोलत होते. "आपण म्हणतो, बाळाला न्हाऊ घातलं. पण हे न्हाणं नव्हे. आत्ता आपण याला मरणात बुडवलं. ख्रिस्त मरणात गेला, त्याच्याबरोबर याला पाठवलं, आणि त्याच्याचबरोबर वर काढलं. आता मरण याला नवं नाही. ते याच्या मागं पडलं."

मावशीला सगळंच कळलं असं नाही. पण सुईणीला जेवढं कळायचं तेवढं कळलं. आपल्यात मरणाचं पाणी सगळ्यात शेवटी. यांच्यात ते आधीच देऊन टाकतात, जन्म मागाहून. म्हणून ती पोरगी मरणाच्या दारात निजल्या निजल्या शब्द घोकून घेत होती. लेकीनं त्या दारातून एकटीनं जाऊ नये, एवढंच तिचं म्हणणं होतं. आणि ते आपल्या हातात दिलं होतं.

आईनं मुलाचं डोकं टॉवेलनं पुसलं. कुणीतरी मेणबत्ती पेटवून बापाच्या हातात दिली. मावशी त्या ओल्या डोक्याकडं बघत राहिली. नंदाबाईचं सगळं शहाणपण त्या पाण्याबरोबर वाहून गेलं.

*

उपासना संपल्यावर फादर त्यांना शेजारच्या खोलीत घेऊन गेले. टेबलावर जाड वही. फादरांनी चष्मा पुसला, पेनाचं टोपण काढलं, पान उघडलं. कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"बसा हिराबाई. घाबरू नका, कोर्ट नाही हे. त्या दिवशी काय झालं तेवढं सांगा. शब्द कोणते म्हटले?"

मावशीनं म्हटले. सरळ, न अडखळता. शुभदाचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

"छान. आणि पाणी डोक्यावर घातलंत?"

खिडकीतून मगाचच्या लेकराचं रडणं येत होतं. कोणीतरी त्याला झुलवत होतं.

"न्हाई," मावशी म्हणाली.

पेन वर राहिलं.

"डोस्क्यावर न्हाई घातलं. ओठाला लावलं. कापसानं. आमच्यात जानाऱ्याला लावत्यात तसं. डोस्कं वलं कराया हातच झाला न्हाई माजा. पानी लय गार हुतं. ह्यांनी इचारलं तवा मी खोटी मान हलिवली. आजपत्तुर खोटीच हाय ती."

मग प्रदीपची खुर्ची करकरली.

"अडीच महिने," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "अडीच महिने तुम्ही आमच्या घरचा चहा पिताय, मावशी. हिच्या उशाशी बसताय. आम्ही तुम्हाला लुगडं..." पुढचं त्याला बोलता येईना. तो उठून बाहेर गेला.

शुभदा वहीकडं बघत होती. फक्त वहीकडं. "फादर," ती म्हणाली, "लिहा ना."

"शुभदा..."

"इच्छा होती ना? माझी होती. यांचीही होती. शब्द पूर्ण होते. पाणी होतं. लिहा ना, फादर."

म्हाताऱ्या फादरांनी पेन खाली ठेवलं. त्यांचेही डोळे भरले होते. "पाणी डोक्यावरून वाहिलं नाही, बाळ. मी तिथं असतो तर बाप्तिस्मा पुन्हा दिला असता. आता जे झालं नाही ते झालं म्हणून मला लिहिता येत नाही. पण ऐक. देवानं आपल्याला या पाण्याशी बांधून दिलंय; स्वतःला त्यानं बांधून घेतलेलं नाही. तू मागितलंस ते त्यानं ऐकलंय. मार्था त्याच्याकडे आहे, यावर माझी आशा आहे. आणि इथल्या दफनभूमीतली तिची जागा कोणी हलवणार नाही."

"आशा," शुभदा म्हणाली. "मला आशा नको होती, फादर. माझ्याकडे खात्री होती."

ती उठली आणि मागच्या दारानं दफनभूमीकडं गेली. फादरांनी वही मिटली. ओळ कोरीच राहिली.

मावशी बराच वेळ दारात उभी होती. जावं की नाही, कळेना. नंदाबाईनं सांगितलेलं सगळं खरं झालं होतं: एकीला हलकं, दुसरीला जड. पण हलकंही वाटत नव्हतं. नुसतं रिकामं वाटत होतं, बाळंतीण घरी गेल्यावर खाट वाटते तसं. शेवटी फादरच म्हणाले, "जा, हिराबाई. हाकललं तर परत या. पण जा."

भिंतीच्या कडेला लहान मुलांच्या कबरी होत्या. मार्थाची अजून मातीचीच, दगडांनी रेखलेली, ताटाएवढी. शुभदा जमिनीवर बसली होती. मावशी चार पावलं अलीकडं थांबली.

"माझ्याशी बोलू नका," शुभदा मागं न बघता म्हणाली.

"न्हाई बोलत."

"शेगडी होती ना तिथं?"

"व्हती."

"मग?"

"न्हाई सुचलं," मावशी म्हणाली. "हात पुढं ग्येला, मी मागं ऱ्हायले."

शुभदानं कबरीवरचं एक वाळलेलं पान उचललं, चुरगाळलं. गेटापाशी प्रदीपनं मोटरसायकल चालू केली. इंजिन नुसतंच घुरघुरत राहिलं. बायकोनं यावं, निघावं, म्हणून. ती उठली नाही.

चुरा मातीत टाकून तिनं विचारलं, "ओठांना लावलं म्हणालात. म्हणजे कसं?"

"कापसाची वात केली. बोटायेवडी. पान्यात बुडवली आन् खालच्या ओठाला लावली."

"मग?"

"मग..." मावशी पुढं आली. खाली बसली, अंतर राखून. हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं आहे असंही तिला कधी वाटलं नव्हतं. "त्वांड उगाडलं तिनं. एवडंसं. चिमनीच्या पिलावानी. जीब भाईर आली."

शुभदानं मान वळवली. आज पहिल्यांदाच तिनं मावशीच्या डोळ्यांत पाहिलं.

"तिनं घेतलं?"

"घेतलं गं. चोखलं. मी वात काडाया लागले तर सोडंना. हिरडीत धरून ठिवली. दोनदा चोखलं तिनं. माज्या बोटाला कळलं, वढ लागली."

शुभदाचा हात स्वतःच्या छातीपाशी गेला. तिथं दूध आलं होतं तेव्हा; डॉक्टरीणबाईंनी ते गोळ्या देऊन आटवलं होतं. त्या दुधाचा थेंब कुणाच्या तोंडी लागला नव्हता. आपल्या लेकीला तहान लागली होती, तिनं काही मागितलं होतं, या जगातलं काहीतरी तिच्या जिभेवर पडलं होतं, हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. सगळे म्हणाले, तिला काही कळलंच नसेल.

ती ओरडली नाही. तोंडातून एक बारीक आवाज निघाला, आणि मग इतक्या दिवसांचं सगळं बाहेर आलं. मावशीनं हात पुढं केला नाही. एकदा त्या हातानं आपल्या मनानं केलं होतं. पुन्हा तसं करायचा तिला धीर नव्हता.

रडणं ओसरलं तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," शुभदा म्हणाली.

"नगं करूस."

"करेन की नाही, मला माहीत नाही."

"बरं."

गेटापाशी इंजिन बंद झालं. प्रदीपच्या चपलांचा आवाज वाळक्या पानांतून थोडा पुढं आला आणि थांबला.

"पुन्हा सांगा," शुभदा म्हणाली. "पहिल्यापासून. ती तुमच्या हातात आली तिथपासून सांगा. काही गाळू नका."

मावशीनं पदरानं तोंड पुसलं. "हातात आली तवा ऊन-ऊन व्हती," ती सांगू लागली. "डाव्या कानावर बारीक लव..."

"हं," शुभदा म्हणाली. "मग?"